अमेरिकेतल्या निकालांवर लिहू पाहणाऱ्या पुतणीस

उंब्रज, ता. कराड
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. मृणाल,

तुझे पत्र मिळाले. सनद हातात आली, पुण्यात चांगल्या सीनिअरकडे बसायला लागलीस, आणि वर एका मासिकासाठी अमेरिकेतल्या गाजलेल्या निकालांवर मराठीत सदर लिहिणार आहेस, हे वाचून मन भरून आले. कसे लिहू, असे तू विचारलेस. मी कराडच्या कोर्टात उभा राहून जे शिकलो त्यातूनच सांगू शकतो, ते सविस्तर सांगतो.

वहिनींनी परवा फोनवर विचारले, की अमेरिकेच्या कोर्टाने काय ठरवले ते आपल्या माणसांनी कशाला वाचायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुझ्या पहिल्याच लेखात यायला हवे. या पट्ट्यातली किती मुले न्यू जर्सीत, टेक्सासात एच-१बी व्हिसावर आहेत ते तू जाणतेस. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर तिथे जन्मलेल्या बाळाला अमेरिकेचा नागरिक मानायचे नाही. तेव्हापासून सुनेचे बाळंतपण तिकडे असलेल्या घरांतली माणसे इकडे वकिलांना गाठून विचारतात, ‘साहेब, नातवाचं काय होणार?’ व्हॉट्सॲपवर एक दिवस येते, कोर्टाने आदेश उडवला. चार दिवसांनी येते, सुप्रीम कोर्टाने ट्रम्पची बाजू उचलली. दोन्ही अर्धवट. त्या आजीला खरे काय ते तिच्या भाषेत सांगणारे माणूस हवे आहे, आणि ते काम तू अंगावर घेते आहेस.

शिवाय परक्याचा कायदा वाचून परक्याच्या दारात भांडणे या जिल्ह्याला नवे नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केले, तेव्हा रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले.

आता मुद्द्यावर येतो. निकाल लागला त्या तारखेला तुझा लेख संपवू नकोस. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो तो माणूस निकालाच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी कुठे होता, तिथपर्यंत जा. विहिरीला पाणी लागले म्हणून पेढे वाटतात, पण शेत भिजायला पाट काढावे लागतात आणि ते काम पुढची कितीतरी वर्षे चालते. निकालावर लिहिणाऱ्याने पाटाच्या शेवटापर्यंत चालत जायचे असते. इंग्रजीतली बहुतेक भाष्ये पेढ्यांपाशी थांबतात, आणि आपल्याकडची वर्तमानपत्रे तीच उतरवून घेतात.

नागरिकत्वाचेच घे. या सगळ्याच्या मुळाशी वाँग किम आर्क याचा १८९८ चा निकाल आहे. हा सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला स्वयंपाकी. चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला तर बंदरात उतरू देईनात. तू नागरिक नाहीस म्हणाले. महिनोन्‌महिने जहाजांवर अडकून पडला. शेवटी सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी ठरवले, की चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जो अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो नागरिक, आईबाप परके असले तरी. मोजके अपवाद सोडले तर हा नियम तेव्हापासून उभा आहे. इथवर सगळे लिहितात. पुढचे लिही. १९०१ मध्ये, ज्या माणसाच्या नावाने देशाचा कायदा ठरला त्यालाच, टेक्सासमधल्या एल पासो इथे हद्दपारीसाठी पकडले. जामीन भरावा लागला, आपण नागरिक आहोत हे पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि त्यात कित्येक महिने गेले. सुप्रीम कोर्टाचा निकाल सीमेवरच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचलेला नव्हता, किंवा पोचूनही त्याला तो मानायचा नव्हता. आजच्या बापाला हे कळले पाहिजे, म्हणजे कोर्टात जिंकले तरी बाळाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट का जपून ठेवायचा ते त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

याच निकालात दुसरी एक गोष्ट आहे. न्या. जॉन मार्शल हार्लन यांचे नाव तू आदराने ऐकलेले असणार. १८९६ च्या प्लेसी खटल्यात काळ्या माणसांना आगगाडीत वेगळे बसवणे घटनेला धरून आहे असे सगळे म्हणत असताना एकट्या हार्लननी विरोधी मत लिहिले. मात्र दोनच वर्षांनी वाँग किम आर्कच्या खटल्यात ते विरोधात गेले, म्हणजे चिनी मुलाला नागरिकत्व नको या बाजूला. प्लेसीमधल्या त्याच थोर मतातही चिन्यांविषयी हीन लेखणारा मजकूर आहे. म्हणून न्यायाधीशांच्या तसबिरी लावू नकोस. मत वाच, पान न पान वाच, आणि त्यात जे सापडेल ते सांग.

विरोधी मत वाचायची सवय मात्र कधी सोडू नकोस. आपल्याकडे आणीबाणीत, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असे ठरवणाऱ्या १९७६ च्या जबलपूर खटल्यात, न्या. हंसराज खन्ना एकटे पडले, आणि आपल्या मताच्या शेवटी त्यांनी विरोधी मताचे मोल सांगायला अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश ह्यूज यांचा आधार घेतला. बहुमताच्या बाजूला होते पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मान्य करताना तो जुना निकाल रद्दबातल ठरवला, आणि तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. मधे एकेचाळीस वर्षे गेली.

२७ जून २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जे ठरवले त्याची तर आपल्याकडे फारच गल्लत झाली. सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्ट एवढेच म्हणाले, की एका जिल्हा न्यायाधीशाने साऱ्या देशाला लागू होईल असा सरसकट मनाईहुकूम देणे त्याच्या अधिकाराबाहेरचे दिसते. दाद मागणाऱ्याला पुरेल एवढीच मनाई द्यावी. ट्रम्प यांचा आदेश घटनेला धरून आहे की नाही, या प्रश्नाला कोर्टाने हातच घातला नाही. मग वकिलांनी दुसरी वाट धरली. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सगळ्या बाळांचा एक वर्ग मानून त्या वर्गापुरती मनाई दिली. २३ जुलैला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आदेश घटनाबाह्य म्हटला. आज, २४ ऑगस्ट २०२५ ला, मी हे लिहितो तेव्हा अंतिम शब्द झालेला नाही. तुझ्या लेखात प्रत्येक वाक्यासमोर तारीख घाल, कोणत्या कोर्टाचे ते घाल, आणि ते कोणाला बांधील आहे तेही घाल. ‘अमेरिकेच्या कोर्टाने’ असे मोघम लिहिशील तर वाचणारी आजी पुन्हा गोंधळेल.

आपल्या माणसांचा म्हणावा असा एक जुना खटला तिथे आहे, त्याला एक पुरा लेख दे. भगतसिंग थिंड हा शीख तरुण, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला. त्याने नागरिकत्व मागितले. त्या वेळी तिथला कायदा असा, की बाहेरून आलेल्यांत गोरा किंवा आफ्रिकी वंशाचाच माणूस नागरिक होऊ शकतो. नोव्हेंबर १९२२ मध्ये ओझावा या जपानी माणसाला न्या. सदरलँड यांनी सांगितले, की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, म्हणून तू नाहीस. थिंडच्या बाजूने मग असा युक्तिवाद झाला, की मानववंशशास्त्राचे पंडित उत्तर हिंदुस्थानी माणसाला कॉकेशियनच म्हणतात. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्या. सदरलँड यांनी लिहिले, की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. तीन महिन्यांत मोजपट्टी बदलली. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाच. न्यायाधीश आधी कुठे पोचायचे ते ठरवून मग रस्ता कसा शोधतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे स्पष्ट दिसते. पुढे सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वे काढून घ्यायला सुरुवात केली. वैष्णोदास बगाई या सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्यापाऱ्याने त्या अपमानात १९२८ मध्ये आत्महत्या केली.

थिंडच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत एक होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. थिंड हरल्यावर सरकारने त्यांच्यावरही नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. त्यांनी आपण गोरे आहोत की नाही हा वादच घातला नाही. ते म्हणाले, माझ्या अर्जाच्या वेळी सरकारला हरकत घ्यायची संधी होती, कोर्टाने तेव्हाच निर्णय दिला, तो अंतिम झाला. त्यावर विसंबून मी घरदार केले, वकिली केली. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. आपण दिवाणी कोर्टात ज्याला रेस ज्युडिकाटा म्हणतो तेच हे. १९२६ मध्ये नवव्या सर्किटने त्यांची बाजू मान्य केली, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचे प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि सरकारने बाकीच्यांवरचे दावेही सोडून दिले. मोठ्या हक्काची लढाई हरल्यावर एका वकिलाने प्रक्रियेच्या साध्या नियमाने माणसे वाचवली. नव्या वकिलाने हे उशाशी ठेवून झोपावे. थिंड स्वतः १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्याखाली, अखेर नागरिक झाला. हेही लिही.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळ. सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला म्हणजे खालचा निकाल उचलून धरला, असा अर्थ होत नाही. आपल्याकडेही विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होत नाही. २००० सालच्या कुन्हयम्मद खटल्यात ते नीट सांगितले आहे. पत्रकार ही चूक दर आठवड्याला करतात.

हेडनोटवरही विसंबू नकोस. अमेरिकेत निकालाच्या वर छापलेला सारांश कोर्टाचा नसतो, निकाल संकलित करून छापणाऱ्याचा असतो. १८८६ च्या सांता क्लारा खटल्यात कंपनीलाही चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण मिळते हे निकालात ठरलेलेच नव्हते. ते वर छापलेल्या टिपणात होते, आणि त्या टिपणावर पुढे केवढी इमारत उभी राहिली.

काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्यावर सगळेच लिहितात, म्हणून तू थोडक्यात लिही. फक्त व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी सोडू नकोस. १९५४ च्या त्या निकालात एकत्र ऐकलेल्या खटल्यांपैकी एक तिथलाच होता. काळी आणि गोरी मुले एकत्र बसवावी लागतील म्हणून त्या काउंटीने १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या, त्या १९६४ पर्यंत उघडल्या नाहीत. जिंकलेल्या गावातल्या मुलांची शाळेची पाच वर्षे बुडाली.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा धागा सांगतो. तुझ्या सदराचा कणा तोच व्हावा अशी माझी इच्छा आहे.

फ्लोरिडात क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाच्या गरीब माणसावर १९६१ मध्ये बिलियर्डच्या एका अड्ड्यावर घरफोडी केल्याचा आरोप आला. त्याने कोर्टात वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, फाशीच्या गुन्ह्याखेरीज सरकारी खर्चाने वकील देता येत नाही. त्याने स्वतःच खटला चालवला आणि पाच वर्षांची शिक्षा घेतली. तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून त्याने सुप्रीम कोर्टाला पाठवला. मार्च १९६३ मध्ये सर्व न्यायाधीशांनी एकमताने ठरवले, की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला ऐपत नसेल तर वकील सरकारने द्यायचा. पण पुढे काय झाले बघ. खटला त्याच गावात पुन्हा चालला. या वेळी वकील होता, त्याने मुख्य साक्षीदाराची नीट उलटतपासणी घेतली, आणि ज्यूरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवले. आरोप तोच, साक्षीदार तोच. फरक पडला तो उलटतपासणीचा. फौजदारी कोर्टात काम करणाऱ्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

पंधरा वर्षांनी ते प्रकरण आपल्या येरवड्याच्या तुरुंगात पोचले. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑगस्ट १९७८. बनावट पदवीपत्रे करवून घेण्याच्या प्रयत्नाबद्दल एका प्राध्यापकाला सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची नाममात्र कैद दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे केली. तो सर्वोच्च न्यायालयात आला तो चार वर्षांहून जास्त उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. निकालाची प्रत आपल्या हाती आलीच नाही, असे त्याचे म्हणणे. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली. तरी त्याच निकालपत्रात त्यांनी गिडियनच्या खटल्याचे पडसाद समुद्र ओलांडून आल्याचे लिहिले आणि ठरवून टाकले: कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती दिल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी त्याला वकील करता येत नसेल तर तो दिला गेला पाहिजे. तो प्राध्यापक हरला. त्याच्या नावाचा नियम मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक कैद्याला लागू झाला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो १९९५ मध्ये अमलात आला. आज बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस किंवा कोठडीतला कुणीही, उत्पन्न किती हे न विचारता, तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागू शकतो. गिडियनच्या पेन्सिलीपासून कराडच्या कोर्टातल्या त्या समितीपर्यंत हा रस्ता सलग आहे. तुझ्या वाचकाला त्याचे हे टोक दाखव. कारण अजूनही इथल्या खेड्यांत नवरा आत गेला की बायको आधी दागिने गहाण ठेवते, मग वकील शोधते. तिला समितीचे नाव कुणी सांगितलेले नसते.

मिरांडावर लिहिशील तेव्हा सिनेमातली वाक्ये बाजूला ठेव. १९६६ चा तो निकाल पाच विरुद्ध चार मतांचा. पोलिसांनी चौकशीआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितला नाही तर कबुली ग्राह्य धरायची नाही, असे तो सांगतो. आपल्याकडचे लेखक लगेच लिहितात, आपल्यालाही असे हवे. अगं, पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हे आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्येच होते, आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आले आहे. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात हाच युक्तिवाद आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा जसाच्या तसा आणायला नकार दिला, कारण आपले संरक्षण काही बाबतींत अधिक भक्कम आहे. पण त्याच निकालात एक काम मॅजिस्ट्रेटवर टाकले: आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच त्याला सांगायचे, की वकील घेण्याचा तुला हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार देईल. आपली खरी गळती वेगळीकडे आहे. ‘आरोपीने सांगितल्यावरून मुद्देमाल मिळाला’ एवढा भाग पुराव्यात येतो, म्हणून सगळा जोर मेमोरंडम पंचनाम्यावर असतो. ठरावीक पंच, ठरावीक मजकूर. कबुलीला पुढच्या दाराने मनाई, आणि हे मागचे दार उघडे. मिरांडावरचा तुझा लेख तिथे येऊन पोचला नाही तर मराठीत लिहिण्याचे कारण उरत नाही.

अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावरचे अमेरिकी निकाल घेशील तेव्हा त्यांच्या जोडीला मुंबईचा एक ठेव. प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध असताना त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत शास्त्रीय पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने ती दिली, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले: स्थानबद्धतेच्या नियमांत जी बंधने लिहिलेली नाहीत ती तुरुंगाधिकाऱ्याला घालता येत नाहीत. अणूवरचे मराठी पुस्तक कोठडीतून छापखान्यात जावे म्हणून दोन कोर्टे झाली, हे आपल्या मुलांना माहीतच नाही.

भाषेबद्दल एवढेच. कोर्टात आपण जे शब्द बोलतो तेच वापर: जामीन, मुद्देमाल, उलटतपासणी, मनाईहुकूम. शासकीय कोशातले जड शब्द आणून लेख सजवू नकोस. आणि निकाल तुला आवडला म्हणून त्यातली कमकुवत जागा झाकू नकोस. विरुद्ध बाजूचा वकील ती पहिल्या पाच मिनिटांत काढतो, तर वाचकही काढेल.

गेल्या सोमवारपासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. आता अपिलासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला नको. इथून सकाळी निघून माणूस संध्याकाळी घरी येईल. सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षे भांडले. तिथे जे निकाल लागतील त्यांच्यावर मराठीत लिहिणारे कोण आहे? अमेरिकेवर लिहिता लिहिता हात बसला की तिकडे वळ. मी कागद मिळवून देईन.

बुधवारी गणपती बसतील. येताना वाँग किम आर्कवरचा मसुदा बरोबर आण. मला द्यायच्या आधी तो वहिनींना मोठ्याने वाचून दाखव, आणि त्या जिथे जिथे थांबवून ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे पेन्सिलीने खूण कर. त्या खुणांवर आपण दोघे बसू.

तुझे,
तात्या